सहाचाकी ‘डक’ आणि डिझेलचा प्रश्न

आजचा धागा लांब आहे आणि त्याची सुरुवात चिखलापासून होते.

न्हावा आणि शेवा ही एकेकाळची दोन बेटे. पनवेल-उरणच्या बाजूला, घारापुरीच्या समोर, खाजणांनी आणि मिठागरांनी वेढलेली. २६ मे १९८९ रोजी इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि ‘न्हावा शेवा’ हे नाव जगभरच्या मालवाहतुकीच्या कागदांवर गेले. क्रेन, धक्के आणि कंटेनर यांच्या आड मूळ भूगोल मात्र तसाच आहे. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या भरतीचे आणि ओहोटीचे अंतर पाच मीटरच्या आसपास जाते. ओहोटीला पाणी मागे सरते, मैलभर काळा चिखल उघडा पडतो. तो होडीला तरंगू देत नाही, माणसाला चालू देत नाही आणि गाडीला गिळतो. मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना ओहोटीचा हा हिशेब ठाऊक असेल.

पाणी आणि जमीन यांच्या मधली ही पट्टी ओलांडायची कशी? धक्का बांधणे हे एक उत्तर, आणि ते द्यायला वर्षे लागतात. दुसऱ्या महायुद्धाला तेवढी सवड नव्हती. त्या घाईतून जन्मलेल्या एका विलक्षण वाहनाचा हा इतिहास आहे. त्याला सहा चाके होती, पंखा होता, सुकाणू होते आणि पोटात पेट्रोलचे इंजिन होते. पुढे ते इंजिन काढून तिथे डिझेल बसवण्याचा मोह अनेकांना झाला. त्या मोहात नेमके काय दडलेले होते, हे आज पाहू.

वाहनाचे नाव डक. बदकावरून हे नाव पडले असे वाटते, पण मुळात ती जनरल मोटर्सच्या कारखान्यातली सांकेतिक अक्षरे होती: ‘डी’ म्हणजे १९४२ सालचा आराखडा, ‘यू’ म्हणजे उभयचर उपयोगी वाहन, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही चालना, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे दोन चालक आस. सैनिकांनी ती अक्षरे सलग उच्चारली आणि बदक तयार झाले. योगायोग इतका चपखल की नाव चिकटले ते कायमचे.

त्याचे जनक तिघे. रॉड स्टीफन्स हा शर्यतीच्या शिडाच्या नौका घडवणाऱ्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या संस्थेतला. डेनिस पुलस्टन हा ब्रिटिश दर्यावर्दी. फ्रँक स्पीअर हा मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून आलेला अभियंता. ट्रक बनवणारा माणूस ट्रकाला पाण्यापासून जपायला शिकतो. हे काम मात्र शिडाची नौका घडवणाऱ्याच्या हाती गेले, आणि मला वाटते तिथेच ते साधले. त्यांनी अमेरिकी लष्कराचा नेहमीचा अडीच टनी सहाचाकी ट्रक घेतला आणि त्याच्याभोवती पोलादी पत्र्याची होडी बांधली.

लष्करातल्या मंडळींना हे प्रकरण पसंत नव्हते. पण डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक नौका वाळूच्या दांड्यावर अडकली. वाऱ्याचा वेग साठ नॉटपर्यंत गेलेला. नेहमीच्या होड्या तिथवर पोहोचेनात. प्रात्यक्षिकासाठी जवळच ठेवलेला डक पाण्यात उतरला आणि सात जणांना घेऊन परत किनाऱ्यावर चढला. त्यानंतर विरोध विरघळला. युद्ध संपेपर्यंत एकवीस हजारांहून अधिक डक तयार झाले.

आता त्याच्या पोटात डोकावू, कारण पुढचे सारे तिथेच घडते. लांबी ३१ फूट, रुंदी आठ फुटांहून थोडी जास्त, रिकाम्या गाडीचे वजन सहा टनांहून अधिक. रस्त्यावर ताशी पन्नास मैल, पाण्यात जेमतेम साडेपाच नॉट. नाळेकडच्या बाजूला सहा सिलिंडरांचे, साधारण ४.४ लिटरचे, नव्वदेक अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. हे इंजिन चाके फिरवी. तेच मागचा पंखा फिरवी. वाळूवर चढताना चाके आणि पंखा दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येत, म्हणजे मागून पाणी ढकलत असतानाच पुढची चाके जमीन पकडत. चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करता येई. मऊ वाळूत हवा काढायची, पक्क्या रस्त्यावर पुन्हा भरायची. ती हवा भरणारा कॉम्प्रेसरही इंजिनवरच चाले. आणि तळात शिरलेले पाणी उपसणारे पंपही त्याच यंत्रणेवर.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. इंजिन बंद पडले की नुसती गाडी थांबत नव्हती, पाणी उपसणेही थांबत होते. कोणतीही मोठी होडी थोडी तरी गळते. इथे तर होडीच्या तळाला चाकांच्या शाफ्टसाठी भोके पाडलेली होती आणि त्यांवर रबरी आवरणे होती. साध्या ट्रकात इंजिन हे चालवण्याचे साधन असते. डकमध्ये ते तरंगत राहण्याचेही साधन होते.

पेट्रोलच का, हा प्रश्न साहजिक आहे. १९४२ साली अमेरिकेत तेच ट्रक-इंजिन हजारोंनी तयार होत होते. त्याच जातीचे ट्रक प्रत्येक आघाडीवर धावत होते, त्यामुळे सुटे भाग सर्वत्र मिळत, मेकॅनिक तयार होते आणि इंधनाचा पुरवठाही एकच. युद्धात सर्वोत्तम इंजिनापेक्षा सर्वत्र मिळणारे इंजिन मोलाचे ठरते.

या कथेत आपलाही प्रदेश आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरच्या स्फोटकांचा भडका उडाला आणि गोदीचा मोठा भाग एका दुपारी निकामी झाला. बंदरावर विसंबलेला पुरवठा किती नाजूक असतो, हे मुंबईने डोळ्यांनी पाहिले. त्याच काळात पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाकाठी किनाऱ्यावर उतरण्याचे प्रशिक्षण देणारे केंद्र होते. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या कुशीत, ‘अँगोस्टुरा’ नावाचे लुटुपुटीचे जहाज उभारून सैनिकांना जहाजातून किनारी उतरायला शिकवत. युद्धानंतर तीच जागा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी निवडली गेली आणि ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिथे पायाभरणी केली. प्रबोधिनीच्या इतिहासातले हे पान तरुण वाचकांच्या सहसा नजरेस येत नाही.

ब्रह्मदेशाच्या मोहिमेत डक नद्यांवर आणि किनाऱ्यांवर वापरले गेले. मग मलायावर उतरण्याची ‘झिपर’ मोहीम आखली गेली. जपानने शरणागती पत्करल्यावरही ती ९ सप्टेंबर १९४५ रोजी पार पडली, शत्रूच्या गोळीबाराविना. भारतीय तुकड्या मोरिबच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि वरून वाळूसारख्या दिसणाऱ्या चिखलात त्यांची वाहने एकामागून एक रुतली. न्हावा-उरणच्या कुठल्याही कोळ्याला विचारले असते तर त्याने अशा किनाऱ्यावर गाडी उतरवू नका, असे आधीच सांगितले असते.

चिखलापेक्षाही मोठा शत्रू होता वजन. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत ओमाहा किनाऱ्याकडे निघालेल्या १११ व्या फील्ड आर्टिलरी बटालियनच्या १०५ मिलिमीटर तोफा डकांवर चढवल्या होत्या. एका डकवर एक तोफ, तिचा दारूगोळा, वाळूची पोती आणि माणसे. समुद्र खवळलेला होता. बारा तोफांपैकी अकरा किनाऱ्याला लागण्याआधीच गमावल्या गेल्या. बहुतेक डक लाटांनी भरून बुडाले. तोफ एकटी असती तर तिचे वजन डकला झेपणारे होते. तिच्यावर जे ‘थोडे थोडे’ चढवले गेले, त्याने घात केला. ‘थोडे थोडे’ हा शब्दप्रयोग ध्यानात ठेवा. या कथेतला खलनायक तोच आहे.

युद्ध संपले आणि हजारो डक स्वस्तात विक्रीला आले. १९४६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मेल फ्लॅथ आणि बॉब उंगर यांनी त्यांतून पर्यटक फिरवायला सुरुवात केली. रस्त्यावरून जाणारी गाडी सरळ नदीत शिरते, मुले किंचाळतात, तिकिटे खपतात. हा धंदा पुढे बोस्टन, लंडन, लिव्हरपूल अशा अनेक शहरांत पसरला. दोन-तीन वर्षे युद्धात टिकावे म्हणून बांधलेले वाहन अर्धशतकाहून अधिक काळ सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन पाण्यात उतरत राहिले.

आणि त्या पन्नास वर्षांत मूळ इंजिने झिजली. सुटे भाग दुर्मीळ झाले. ऑक्टोबर १९७३ नंतरच्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला आणि तहानलेले पेट्रोल इंजिन ही चैन ठरली. पर्यटनाच्या काही डकांत पुढे डिझेल शिरले.

ही मानसिकता आपल्याला परकी नाही. मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू झाली ती पेट्रोलवर. भारतात डिझेल कित्येक दशके सरकारी धोरणामुळे पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त राहिले. डिझेलच्या किमतीवरचे नियंत्रण उठले ते थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये. साहजिकच महिंद्राने आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपला दिले, आणि १९८० च्या दशकात प्यूजोच्या तंत्रावरचे २.१ लिटरचे. कारखान्याने जे अधिकृतपणे केले, ते गावोगावच्या गॅरेजांनी जुन्या जीपांवर आपल्या पद्धतीने केले. पेट्रोल जीपचे बॉनेट उघडावे आणि आत डिझेल धडधडत असावे, हे दृश्य ज्यांचे बालपण १९८०-९० च्या दशकांत गेले त्यांना नवे नाही.

आमच्या किनाऱ्यावर हाच बदल पाण्यात झाला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. शेतातल्या पंपाला जे डिझेल इंजिन चालते ते होडीला का नको, असा विचार पुढे आला. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजनांच्या काळात कर्ज आणि अनुदान यांच्या आधाराने शिडाच्या मासेमारी नौकांवर डिझेल इंजिने चढली. पुढे ट्रकांच्या घराण्यातली, लेलँडसारख्या कंपन्यांची इंजिने होड्यांसाठी बदलून बसवली जाऊ लागली. तेव्हा ट्रकाचे इंजिन आणि पाणी यांची गाठ रायगडच्या किनाऱ्यावर अपरिचित नाही. फरक इतकाच की लाकडी मचव्याचे पोट खोल आणि जाड असते. डकचे पोट पातळ पत्र्याचे.

डिझेलच्या बाजूने खरे बोलणारे मुद्दे आधी मांडतो, कारण ते भक्कम आहेत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. उघड्या ट्रकात ती वाऱ्यावर निघून जाते. होडीच्या बंद पोटात ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहत बसते. डिझेल साध्या हवामानात तशी पेटणारी वाफ सोडत नाही. शिवाय डिझेल इंजिनाला ठिणगीची गरजच नसते. हवा दाबून इतकी तापवायची की त्यात फवारलेले इंधन आपोआप पेटावे, हे रुडॉल्फ डिझेलचे मूळ तत्त्व. म्हणजे स्पार्क प्लग नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही, खाऱ्या तुषारांनी भिजून बंद पडणारी तारांची जाळी नाही. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या वाहनाला हे वरदानच. (हा डिझेलसाहेब २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. ही तारीख लक्षात असू द्या.)

आता बदलाची किंमत. पहिली गोष्ट वजन. डिझेल इंजिनात दाब मोठा, म्हणून ओतीव लोखंड जाड. ट्रकांतून काढून जगभर जुन्या गाड्यांत बसवले जाणारे कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन घ्या. त्याचे एकट्याचे वजन पाचशे किलोच्या घरात आहे. मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी असे काही बसवले तर गिअरबॉक्सचे सांधे, बॅटऱ्या, मोठा रेडिएटर धरून दोनशे किलोंची भर सहज पडते.

दोनशे किलोंनी काय होते? कागद-पेन्सिल घ्या. डकची पाण्यावर टेकणारी बाजू ढोबळमानाने १९ चौरस मीटर धरू. ती एक सेंटीमीटर खाली दाबायला सुमारे १९० किलो लागतात. म्हणजे भर मध्यावर टाकली तर होडी फक्त एक सेंटीमीटर खाली जाईल. हसून सोडून द्यावे असा आकडा. पण इंजिन मध्यावर नाही, पुढे आहे. मध्यापासून साडेतीन मीटर पुढे ठेवलेले तेच वजन होडीला पुढे झुकवते. माझ्या ढोबळ हिशेबाने नाळ चार-पाच सेंटीमीटर खाली बसते. त्याच वेळी मागचा भाग वर उचलला जातो आणि पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतो. लाटेत तो हवा खाऊ लागला की जोर गेला. शांत तळ्यात हे कुणाला जाणवणारही नाही. लाटा असलेल्या दिवशी मात्र पाणी नाळेवरून कधी आत येणार, हे याच चार-पाच सेंटीमीटरांवर ठरते.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. मूळ इंजिन मिनिटाला २,७५० फेऱ्यांपर्यंत जाई आणि पंखा त्यावर बेतलेला होता. जुनी ट्रकची डिझेल इंजिने त्यापेक्षा सावकाश फिरतात. पंखा किती शक्ती घेतो हे फेऱ्यांच्या घनावर अवलंबून असते. नवे इंजिन २,२०० फेऱ्यांवर थांबत असेल, तर फेऱ्या उरल्या ८० टक्के. त्यांचा घन ५१ टक्के. तोच पंखा आता जवळपास निम्मीच शक्ती पाण्यात उतरवेल. इंजिन कितीही दांडगे असो, पंखा किंवा त्याचे गिअर बदलल्याशिवाय ते पाण्यात अशक्तच राहते. रस्त्यावर गाडी झकास पळते, मालक खूश होतो, आणि प्रवाहाविरुद्ध वळायची वेळ आली की सत्य कळते.

तिसरी गोष्ट हवा. ट्रकाचा रेडिएटर समोरच्या वाऱ्यावर थंड होतो. होडीला समोर जाळी ठेवता येत नाही. ठेवली तर पाणी आत. म्हणून उभयचरात हवेचा मार्ग वळसे घेत जातो, झडपांतून जातो, आणि इंजिन बदलले की तो सगळा मार्ग नव्याने ठरवावा लागतो. या झडपांकडे आपण थोड्या वेळाने परत येणार आहोत.

बाकी लहानसहान: मूळ गाडीची वीज सहा व्होल्टची, डिझेलच्या स्टार्टरला ती पुरत नाही, डिझेलचा थरथराट पातळ पत्र्याच्या सांध्यांना सोसवत नाही, पाणी उपसणारे पंप आणि टायरचा कॉम्प्रेसर यांना नव्या इंजिनावर जागा शोधावी लागते. यातले पंप सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत आधी विसरले जाणारे.

हा बदल नीट करता येतो, याचा पुरावा लष्करानेच दिला आहे. डकचा वारसदार म्हणून अमेरिकेने १९६० च्या दशकात चार चाकांचा, अॅल्युमिनियमच्या पोटाचा ‘लार्क-५’ आणला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. पुढे ते काढून तिथे कमिन्सचे डिझेल बसवले गेले. पण तो निर्णय आराखड्याच्या पातळीवर झाला, वजनाचा आणि चालनेचा हिशेब मांडून.

ब्रिटिशांचा सहाचाकी अल्विस स्टॉलवर्ट हे याहून रंजक उदाहरण. रोल्स-रॉइसचे साडेसहा लिटरचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, तेही मागच्या सामानाच्या फळीखाली गाडलेले, आणि पाण्यात पंख्याऐवजी जलझोत. सहाही चाकांना सतत चालना. एका बाजूची तिन्ही चाके एकमेकांना जखडलेली. कठीण रस्त्यावर तिन्ही चाकांना नेमके सारखे अंतर कापता येत नाही, त्यामुळे शाफ्टांत पीळ भरत जातो. तो सोडवायला चालक मधूनच एका बाजूची चाके मऊ मातीवर किंवा फुटपाथच्या कडेवर घेत. युरोपातले हौशी संग्राहक आज यात डिझेल बसवतात, कारण मूळ इंजिनाची तहान कुबेरालाही परवडणार नाही. पण डिझेल कमी फेऱ्यांवर मोठा पीळ देते. जी दातेरी चाके मुळातच पिळाने त्रासलेली, त्यांच्यावर आणखी भार. इंधनावर वाचवलेले पैसे गिअरांवर जातात, अशी ही गंमत.

आता ज्या भागासाठी हा धागा लिहायला घेतला, तिथे येऊ.

१ मे १९९९. अमेरिकेत आर्कान्सामधल्या हॅमिल्टन तलावात ‘मिस मॅजेस्टिक’ नावाचा डक पर्यटकांसह बुडाला. १३ जण गेले. शाफ्टच्या भोकावरचे रबरी आवरण सैल होते. पाणी तिथून शिरले. वर छत होते. होडी झपाट्याने खाली गेली आणि माणसे छताखाली अडकली. ते छत १९४२ च्या आराखड्यात नव्हते. उन्हापासून सावली म्हणून नंतर आलेली ती सोय होती. चौकशीने सांगितले की अशा जुन्या वाहनांना पाणी भरले तरी तरंगत राहण्याची राखीव क्षमता हवी.

ब्रिटनमध्ये हा सल्ला फोमच्या रूपाने आला. होडीच्या पोकळ जागांत फोम भरायचा, म्हणजे पाणी शिरले तरी ती बुडणार नाही. १५ जून २०१३ रोजी लिव्हरपूलच्या सॉल्टहाउस गोदीत एक डक बुडाला; सुदैवाने सगळे वाचले. त्यात फोम हवा होता त्यापेक्षा कमी निघाला. त्याच वर्षी लंडनमध्ये थेम्सवर ‘क्लिओपात्रा’ नावाच्या डकला आग लागली आणि पर्यटकांनी नदीत उड्या घेतल्या; तिथेही जीवितहानी टळली. कारण शोधले तर तेलाने माखलेला फोम फिरत्या शाफ्टला घासला गेला होता. बुडू नये म्हणून भरलेली वस्तूच पेटली. त्या दिवशी तारीख होती २९ सप्टेंबर. रुडॉल्फ डिझेल समुद्रात नाहीसा झाला त्याला नेमकी शंभर वर्षे झाली होती. योगायोगाला अर्थ नसतो, पण इतिहासाच्या वाचकाला तो नजरेआड करवत नाही.

आणि १९ जुलै २०१८. मिझुरीतल्या टेबल रॉक तलावात वादळ आले असताना ‘स्ट्रेच डक ७’ पाण्यात होता. १९४४ साली बांधलेला आणि पुढे प्रवासी जास्त मावावेत म्हणून लांब केलेला. ३१ जणांपैकी १७ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत पाण्याची वाट सापडली ती नाळेवर: इंजिनाला हवा मिळावी म्हणून ठेवलेली, लाटा रोखू न शकणारी झडप. तिच्यातून पाणी बेसुमार आत आले आणि ते झेलायला राखीव क्षमता नव्हती.

या दुर्घटना डिझेलमुळे झाल्या, असे मी म्हणत नाही. तसा दावा खोटा ठरेल. पण जी जागा पाण्यापासून किती वर आहे यावर सतरा जीव अवलंबून होते, तीच जागा जड इंजिन खाली दाबते. छत, फोम, जास्तीची बाके, लांब केलेले पोट, नवे इंजिन. प्रत्येक बदल करणाऱ्याने आपला एकच बदल पाहिला. ओमाहाच्या तोफेवर चढलेली वाळूची पोती आणि पर्यटनाच्या डकवर चढलेल्या सोयी यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही.

मग जुन्या उभयचरात इंजिन बदलावेच नाही का? माझे मत असे. संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या गाडीत मूळ इंजिन ठेवावे, बंद पडलेले असले तरी. त्या ओतीव लोखंडावरचा क्रमांक हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. आणि जी गाडी खरोखर पाण्यात उतरणार, माणसे घेऊन उतरणार, तिच्यात डिझेल बसवणे आगीच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरू शकते. अट एकच, की नवे इंजिन काट्यावर ठेवून तोलले जावे, होडी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही वेळा पाण्यात उतरवून नाळेची उंची मोजली जावी, आणि काढलेले इंजिन भंगारात न देता नोंदीसह जपले जावे.

आपल्याकडचा कायदा मात्र या प्रश्नात अधिक कडक आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, मूळ स्वरूपात हवे, चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे इंजिन बदलले की तो मान गेला. त्यातही हे नियम दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी आहेत. सहा चाकांच्या, सुकाणू असलेल्या वाहनाने कुठल्या खिडकीवर अर्ज करावा, हा विचार नियम लिहिणाऱ्यांच्या मनात आला नसावा, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

ब्रिटिश रॉयल मरीन्सनी डेव्हनच्या किनाऱ्यावर प्रशिक्षणासाठी काही डक २०१२ पर्यंत वापरले. त्यांतले बहुतेक महायुद्धातच बांधलेले होते. न्हावा-शिवडी सेतूवरून आज गाड्या चिखलावरून उंच, वीस-पंचवीस मिनिटांत पार होतात. जानेवारी २०२४ पासून ती पट्टी ओलांडायला ना भरतीची वाट पाहावी लागते, ना सहा चाकांच्या होडीची. पण परदेशातल्या एखाद्या संग्रहालयात किंवा जुन्या गाड्यांच्या मेळ्यात डक दिसलाच, तर रंगावर आणि चांदणीच्या चिन्हावर थांबू नका. पुढचे झाकण उघडून दाखवायची विनंती करा. सहा स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या सहा तारा दिसल्या, तर इंजिन पेट्रोलचे आहे. त्या दिसल्या नाहीत, तर मालकाला विचारा: नाळ किती खाली बसली?